सहा रविवार आणि एक फेरफार : जळगावच्या कूळशोध वर्गाविषयी

घराण्याचा इतिहास कागदपत्रांतून शोधायला शिकवणाऱ्या ज्या वर्गाबद्दल मी लिहीत आहे, त्याच्या पत्रकावर ‘कूळशोध’ हा शब्द ठळक अक्षरांत छापला होता आणि त्याच शब्दामुळे मी पहिल्या आठवड्यातच अडचणीत आले. एका तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जाऊन मी कूळशोधासाठी जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरच्या नावांत झालेल्या बदलांच्या नोंदी, हवे असल्याचे सांगितले, तेव्हा टेबलापलीकडच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, “कोणाच्या जमिनीला कूळ लागलंय, मॅडम?” महसुलाच्या भाषेत कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, आणि १९४८ च्या कूळ कायद्यापासून हा शब्द कानावर पडला की सरकारी माणसाला समोर दावाच उभा राहिलेला दिसतो. आपल्याला पणजोबांचे नाव शोधायचे आहे, कोणाची जमीन काढून घ्यायची नाही, हे पटवून देण्यात माझा अर्धा तास गेला. वर्गाच्या संचालकांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले. पुढच्या पत्रकावर शब्द मात्र तोच आहे.

वर्ग जळगावात भरतो. सहा रविवार, सकाळी दहा ते दुपारी चार, शुल्क तीन हजार रुपये आणि त्यात दुपारचे जेवण. (हिवाळ्यातल्या तुकडीला भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली, याचा माझ्या मतावर थोडाफार परिणाम झाला असेल.) शिकवणारे दोघे : महसूल खात्यातले एक निवृत्त मंडळ अधिकारी आणि एक मोडीचे जाणकार. वर्गाचे नाव मी देत नाही, कारण दोषही लिहायचे आहेत आणि हे काम करणारी माणसे थोडी आहेत. मी स्वतः अमळनेर तालुक्यात सदतीस वर्षे प्राथमिक शिक्षिका होते. शाळेचे जनरल रजिस्टर मला तळहातासारखे ठाऊक आहे. जमिनीचा कागद मात्र मी कधी वाचलेला नव्हता. सातबारा हा घरातल्या पुरुषांचा विषय, अशीच आमच्याकडची समजूत होती.

या वर्गाचे खरे मोल पहिल्या तीन रविवारांत आहे. मंडळ अधिकारी सरांनी पहिल्या तासाला प्रत्येकाला आपले आडनाव विचारले आणि एकतीस जणांपैकी सतरा जणांनी ‘पाटील’ असे उत्तर दिले. या सतरांत लेवा, मराठा, गुजर, राजपूत अशा निरनिराळ्या समाजांचे लोक होते. सर म्हणाले, “ताई, दादा, आजपासून आडनाव शोधायचं नाही. गट नंबर शोधायचा.” खान्देशात हे किती खरे आहे, ते इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. गावकीचा पाटील हा वतनदार; त्याच्या भाऊबंदांनी, मग त्यांच्या पुतण्यांनी तोच शब्द आडनाव म्हणून लावला; १९६२ च्या कायद्याने पाटीलकीचे वतन गेले आणि आडनाव तेवढे राहिले. जुन्या नोंदीत तर आडनाव बहुधा नसतेच. असते ते स्वतःचे नाव, ‘वल्द’ किंवा ‘बिन’ म्हणून बापाचे नाव, आणि जात. त्यात आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्याने एकच जोडी दर दुसऱ्या पिढीला उलटसुलट होऊन येते. भिला, उखर्डू, झिपरू, दगडू ही नावे तर प्रत्येक गावात पाच-पाच. माणसे एकमेकांसारखी दिसतात, पण शेत एका जागी बसलेले असते, हे सरांचे सूत्र होते आणि साऱ्या शोधाची दोरी त्यांनी त्या सूत्राला बांधली.

पद्धत सांगायला सोपी आहे. आजचा सातबारा घ्यायचा, नावांखाली वर्तुळात दिलेले फेरफार क्रमांक उतरवून घ्यायचे आणि सर्वांत अलीकडच्या फेरफारापासून मागे मागे जायचे. संगणकावरच्या उताऱ्यापेक्षा जुना हस्तलिखित सातबारा अधिक बोलका असतो, कारण त्यात कमी झालेल्या नावांना नुसता कंस केलेला असतो. नाव वाचता येते. वडिलांच्या नावाला कंस, त्यापुढे माझ्या भावांची नावे, बाजूला फेरफाराचा आकडा, आणि त्या फेरफारात मृत्यूची तारीख व वारसांची यादी. अशा पायऱ्या उतरत माणूस एकत्रीकरणापर्यंत येतो आणि बहुतेक जण तिथेच थांबतात, कारण १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगावी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि जुना आकडा नव्याशी जुळेनासा झाला. त्या जागी एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा मागायचा, हे आम्हाला या वर्गात कळले. भूमी अभिलेखाच्या तालुका कचेरीत तो मिळाला, आणि ज्या शेताला मी जन्मभर ‘खालचं वावर’ म्हणत आले, त्याचा मूळ सर्व्हे नंबर वयाच्या साठीत पहिल्यांदा माझ्या हाती आला.

दुसऱ्या रविवारी सरांनी जे शिकवले त्याला मी या वर्गातला सर्वांत उत्तम धडा मानते, आणि तो होता गुंठ्यांच्या बेरजेचा. वाटणीचा फेरफार वाचताना नावांवर विसंबू नका, क्षेत्राची बेरीज करा, असे त्यांनी बजावले. आमच्या खापरपणजोबांच्या नावे बारा एकर छत्तीस गुंठे जमीन होती. घरात सांगतात त्याप्रमाणे त्यांना दोन मुलगे. पण पणजोबांच्या वाट्याला आलेले क्षेत्र चार एकर बारा गुंठे, आणि त्यांच्या भावाच्या वाट्यालाही तेवढेच. एकराचे चाळीस गुंठे धरून मी वहीत बेरीज मांडली : आठ एकर चोवीस गुंठे. राहिले चार एकर बारा गुंठे. दोन भावांत बारा एकर छत्तीस गुंठ्यांचे असे वाटे पडूच शकत नाहीत. तीन भावांत बरोबर पडतात. मग तिसऱ्या हिश्श्याचा माग काढला, तर तो १९२२ मध्ये खरेदीने दुसऱ्याच्या नावे गेलेला आणि विकणाऱ्याच्या नावापुढे ‘हल्ली मुक्काम भुसावळ’ अशी नोंद. रेल्वेच्या चाकरीसाठी गाव सोडून भुसावळला गेलेल्या माणसांपैकी तो एक असावा. मी फुईला, म्हणजे आत्याला, फोन केला. ती नव्वदीला टेकली आहे. क्षणभर थांबून ती म्हणाली, “त्या भुसावळवाला? तो आपलाच शे.” म्हणजे आठवण होती, ती कोणी विचारली नव्हती, इतकेच.

जमिनीच्या जोडीला कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा, हे दुसरे साधन वर्गात नीट शिकवले जाते. गावातला जन्म-मृत्यू कोतवालाने कळवायचा आणि तो या नोंदवहीत चढायचा, अशी ती जुनी व्यवस्था. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीकडे असतात. त्याआधीच्या वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात पाहायच्या. आमच्या गावची १९१८ ची पाने मी पाहिली. एरवी एका पानावर महिना-दीड महिना सहज मावतो. त्या वर्षीच्या ऑक्टोबरने सलग पाने भरली आहेत. तारीख, नाव, वय, जात, कारण. आणि कारणाच्या रकान्यात ‘ताप’, खाली ‘ताप’, त्याखाली पुन्हा ‘ताप’. पुढे पुढे लिहिणाऱ्याने शब्द लिहिणेही सोडले आहे, नुसती आडवी रेघ ओढत नेली आहे. इन्फ्ल्युएन्झाच्या साथीबद्दल मी मुलांना शिकवले होते, पण ती रेघ पाहेपर्यंत ती साथ आमच्या गल्लीतून गेली असेल असे कधी मनात आले नव्हते. त्याच रेघेत आमचे पणजोबा आहेत. वय तीस.

आता दोषांकडे येते, आणि पहिला दोष मोडीचा. सहांपैकी दोनच रविवार मोडीला दिले आहेत आणि तेवढ्यात मोडी येत नाही, हे पत्रकावर स्पष्ट लिहायला हवे होते. शिकवणारे गृहस्थ विषयात मुरलेले आहेत. आधी पूर्ण ओळभर शिरोरेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे लटकवत जाणे, बोरू न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात शिरणे, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न पाळणे, शब्दांत जागा न सोडणे, हे सारे त्यांनी फळ्यावर लिहून दाखवले तेव्हा वर्ग तल्लीन झाला होता. ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘प॥’ म्हणजे परगणे, ‘रा॥’ म्हणजे राजश्री ही संक्षेपांची यादीही उपयोगाची. पण सरावाला दिलेले सगळे नमुने पेशवाईतल्या दरबारी पत्रांचे होते, कसलेल्या कारकुनांच्या वळणदार हाताचे. आम्हाला वाचायचा होता गावच्या कुलकर्ण्याचा विसाव्या शतकातला हात, जो सारावसुलीच्या घाईत, कदाचित ओट्यावर मांडी घालून, गुडघ्यावर वही ठेवून लिहिला गेला. या दोहोंत छापील पुस्तक आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांच्याएवढे अंतर आहे. छायाप्रतीही इतक्या काळवंडलेल्या की शाई कुठली आणि कागदाचा डाग कुठला हे कळेना. ज्यांना मोडी मनापासून शिकायची आहे त्यांनी पुराभिलेख संचालनालयाच्या प्रशिक्षण वर्गांची चौकशी करावी आणि मग रोज एक पान, असे वर्षभर वाचावे. दुसरा रस्ता मला दिसत नाही.

कालगणनेचा भाग याच दोन रविवारांत उरकला जातो. सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना, अरबी शब्दांत, एकंपासून वर चढत लिहितात, हे मला नवीन होते. ‘सबा अशर मयातैन व अलफ’ म्हणजे सात, दहा, दोनशे आणि हजार, मिळून १२१७. त्यात जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे हा कागद १८१६-१७ चा, खान्देशात इंग्रजी अंमल बसायच्या उंबरठ्यावरचा. हे कोडे सोडवताना मोठी माणसे शाळकरी पोरांसारखी ओरडत होती. फसलीच्या, म्हणजे सारावसुलीच्या सनाच्या, बाबतीत मात्र वर्गाच्या तक्त्याने माझी फजिती केली. तक्त्यात फसली सनात ५९० मिळवा, एवढेच छापले आहे. घरच्या पेटीत सापडलेल्या फसली १२९८ च्या सारापावतीवर मी १८८८ असे लिहून टाकले आणि भावाला अभिमानाने पाठवले. पावती माघातली होती. फसली वर्षही मृगाला सुरू होते, त्यामुळे जानेवारीनंतर ५९१ मिळवायचे. पावती १८८९ ची. एका ओळीची तळटीप घातली असती तर काम झाले असते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. सारी पद्धत शेताला बांधली, की ज्याच्याकडे शेतच नव्हते त्याने काय करायचे? आमच्या तुकडीत एक तरुण होता, त्याच्या घराण्यात तीन पिढ्या सालदारकी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात चाकरी. तिसऱ्या रविवारनंतर तो यायचा थांबला. त्याच्यासाठी वाटा नव्हत्या असे नाही. हाडकी-हाडोळ्याच्या, म्हणजे महार वतनाच्या, जमिनींची कागदपत्रे, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने बंद झाल्यानंतर झालेल्या फेरबहालीच्या नोंदी, कोतवाल बुक, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोकल बोर्डाच्या शाळांची रजिस्टरे. शाळेच्या रजिस्टरात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मगाव आणि शाळा सोडल्याचे कारण मिळते, आणि त्याला सातबारा लागत नाही. जन्मतारखेवर मात्र विश्वास ठेवू नये. आमच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात पानेच्या पाने एक जूनला जन्मलेली आहेत, आणि ती गुरुजींनी जन्माला घातलेली आहेत. हा विषय पाचव्या रविवारी पंधरा मिनिटांत आटोपला. सातपुड्यातल्या वनगावांचा तर उल्लेखही झाला नाही, जिथे मैदानी भागासारख्या महसुली नोंदी पुष्कळ उशिरा सुरू झाल्या आणि जिथल्या भिल्ल-पावरा कुटुंबांचा शोध वेगळ्याच रीतीने करावा लागेल. खान्देश म्हणजे केवळ तापीकाठची काळी जमीन, असे पत्रकात कोठे लिहिलेले नाही. वर्गात मात्र तसेच धरून चालले होते.

बायकांचेही तेच. वंशवेल काढण्यासाठी छापलेल्या तक्त्यात पत्नीच्या नावाचा चौकोन आहे, पण ते नाव आणायचे कुठून, हे कोणी सांगत नाही. जुन्या नोंदीत बाई आली तर ‘कोम’ म्हणून नवऱ्याच्या नावाला बांधून येते, आणि कोतवाल बुकात कितीदा अमक्याची बायको एवढीच. माझ्या पणजीचे नाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. फुईसाठीही ती मोठी माय, बस्स. मी मंडळ अधिकारी सरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “पणजोबा लवकर गेले ना? मग आजोबा तेव्हा अज्ञान असतील. अपाक बघा.” अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल अल्पवयीन असेल तर वारस म्हणून त्याचे नाव लागते आणि त्याची देखभाल करणाऱ्याचे नाव त्याच्यापुढे लिहितात. पणजोबा १९१८ च्या ऑक्टोबरात गेले तेव्हा आजोबा चार वर्षांचे. पुढच्या वर्षीचा वारसाचा फेरफार मोडीत होता. मी त्यातले ‘मयत’ आणि ‘वारस’ एवढेच लावू शकले आणि उरलेले मोडीच्या सरांकडून वाचून घेतले. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर म्हटले. आजोबांचे नाव, वय वर्षे चार, अ.पा.क. आई, आणि मग तिचे नाव. खाली निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची. शाई थोडी फाकलेली, अंगठा लहान. ते नाव आता घरात सगळ्यांना पाठ झाले आहे. इथे लिहिण्याचे कारण नाही. एवढे सामर्थ्य ज्या युक्तीत आहे ती वर्गाच्या एकाही पानावर छापलेली नाही, मी विचारले म्हणून कळली, याचे मला वैषम्य वाटते.

तुकडीतल्या निम्म्याहून अधिक लोकांना इतिहासाशी कर्तव्य नव्हते, त्यांना जातीच्या दाखल्यासाठी पुरावा हवा होता. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतल्यापासून अभिलेख कक्षांत वर्दळ वाढली आहे, आणि त्यांची गरज खरी आहे. पण ज्याला एक शब्द सापडला की काम संपते आणि ज्याला पूर्ण पान वाचायचे आहे, अशा दोघांना एकाच बाकावर बसवल्याने प्रश्नोत्तराचा सारा वेळ पडताळणीच्या शंकांत जातो. दोन स्वतंत्र तुकड्या केल्यास दोघांचेही भले होईल.

सहावा रविवार धुळ्याच्या सहलीचा, राजवाडे संशोधन मंडळाच्या भेटीचा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली दप्तरे सांभाळण्यासाठी हे मंडळ उभे राहिले. तिथे आमच्यापैकी कोणाच्या पणजोबाचे नाव सापडेल अशी आशा बाळगून जाऊ नये. रुमालात बांधलेला कागद कसा सोडायचा, कसा धरायचा आणि पुन्हा कसा बांधायचा, हे पाहायला जावे.

ज्यांना हा वर्ग करायचा आहे त्यांनी आधी घरचा हस्तलिखित सातबारा आणि आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढून ठेवावा, नाहीतर पहिला रविवार दुसऱ्यांचे कागद पाहण्यात जाईल. आपले गाव पूर्वी कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या जिल्ह्यात होते, हेही पाहून घ्यावे. खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले, मालेगाव, नांदगाव, बागलाण १८६९ मध्येच नाशिककडे गेले, नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा झाला. कागद माणसांबरोबर हलले की मागेच राहिले, हे प्रत्येक गावाला स्वतंत्रपणे विचारावे लागते. नकलेच्या अर्जावर ‘कूळशोध’ लिहू नये. ‘वारस नोंदीच्या माहितीसाठी’ असे लिहावे.

तीन हजार रुपये पहिल्या तीन रविवारांतच वसूल झाले, असे माझे मत आहे. मोडीसाठी, भूमिहीनांसाठी आणि बायकांच्या नावांसाठी हा वर्ग आज अपुरा आहे. पुढच्या तुकडीला शाळेच्या रजिस्टरांचा एक पूर्ण तास मी घ्यावा, असे संचालकांनी सुचवले आहे आणि मी होकार कळवला आहे. तो सालदाराचा मुलगा येणार असेल तर त्याचे शुल्क घेऊ नये, अशी अट घातली आहे. तोवर भुसावळच्या दोन जुन्या शाळांना अर्ज करून ठेवले आहेत. तिसऱ्या भावाला मुले असतील तर १९२२ नंतरच्या रजिस्टरात त्यांचे जन्मगाव आमचेच लिहिलेले असेल.